आधी कोणी काय म्हटले? : पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यावा

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा जुन्या आठवणींवरच काही लिहावे असे मनात होते. परंतु त्याच सुमारास एक प्रसंग घडला आणि विषय बदलला.

मे महिन्याच्या सुट्टीत आमची एक माजी विद्यार्थिनी आईसह घरी आली. सातवीपासून दहावीपर्यंत ती आपल्या वसतिगृहात राहिलेली. पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करणारी वाडीतील पहिली मुलगी. पीएच.डी.च्या नोंदणीसाठी तिने सादर केलेला संशोधन आराखडा परत आला होता. समासात एकच शेरा होता : ‘पूर्वसंशोधनाचा आढावा अपुरा.’

“बाईनू, आमका त्यातला काय कळता? पण ह्या पोरीन दोन म्हयने पुस्तका सोडून काय बघूक नाय,” आई म्हणाली. मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटी म्हणाली, “बाई, मला वाटतं, हे काम आपल्यासारख्यांचं नाही.”

हे वाक्य मला स्वस्थ बसू देईना. त्याच रात्री मी तिचा आराखडा वाचला. छत्तीस पुस्तकांची नावे होती आणि प्रत्येकाखाली चार-पाच ओळींचा सारांश होता. कष्ट भरपूर होते, परंतु शेरा चुकीचा नव्हता. ती यादी होती, आढावा नव्हता. मात्र या दोहोंत फरक काय, हे तिला कोणीही सांगितलेले नव्हते. ज्या घरांत दोन-तीन पिढ्या प्राध्यापकी आहे, तेथे ही गोष्ट मुलांच्या कानांवर जेवताना पडते. आपल्या घरांत ती कोणी सांगायची? तीस वर्षांपूर्वी इतिहासात एम.ए. करताना माझ्याही लघुप्रबंधात हीच चूक झाली होती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, “ही सगळी पुस्तके वाचून तुमचे मत नेमके कोठे बदलले?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले-मुली आता मोठ्या संख्येने उच्च शिक्षणाकडे वळत आहेत. त्यांच्यासाठी, आणि मुलगी दोन वर्षे ‘नुसती वाचतेच का आहे’ असा प्रश्न पडलेल्या पालकांसाठीही, ही गोष्ट सविस्तर सांगावी असे वाटले.

आढावा म्हणजे काय?

कोकणात विहीर खणण्यापूर्वी जाणता माणूस आधी आसपास फिरतो. कोणी कोठे खणले, किती हातांवर जांभा संपला, कोठे काळा कातळ लागला, कोणाची विहीर एप्रिलमध्येच आटते, हे विचारतो. मग आपली जागा ठरवतो. शेजाऱ्यांच्या विहिरींची नुसती नावे लिहून आणली तर त्याचा उपयोग शून्य. कोठे पाणी लागले, कोठे लागले नाही आणि का, हे कळले तरच फिरण्याला अर्थ आहे.

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे हेच फिरणे होय. आपल्या प्रश्नावर आजवर कोणी काम केले, कोणत्या पुराव्यावर केले, त्यांना काय सापडले, ते कोठे थांबले आणि त्यांच्यात मतभेद कोठे आहेत, हे समजून घेऊन आपली जागा निश्चित करणे. आढावा वाचून संपवल्यावर ‘म्हणूनच हा प्रश्न आता विचारला पाहिजे’ असे वाचकाला आपोआप वाटले पाहिजे. तसे वाटले नाही तर पुस्तके छत्तीस असोत वा तीनशे, आढावा अपुराच.

१९१६ सालचा एक नमुना

याचा उत्तम नमुना शोधण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जातीची उत्पत्ती आणि यंत्रणा सांगणारा निबंध म्हणून आपण त्याला ओळखतो. परंतु त्याचा आरंभीचा भाग पूर्वसंशोधनाचा आढावा कसा घ्यावा याचा वस्तुपाठ आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

जात म्हणजे काय, हा प्रश्न. त्यावर चार अभ्यासकांच्या व्याख्या बाबासाहेब समोर ठेवतात : फ्रेंच पंडित एमिल सेनार, इंग्रज अधिकारी नेसफिल्ड, १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त राहिलेले सर हर्बर्ट रिस्ले आणि पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्धीस आलेले आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकरांचा जातींच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ साली अमेरिकेत निघाला होता. म्हणजे बाबासाहेबांनी जुन्या नामवंतांबरोबर अगदी ताजे लिखाणही वाचले होते.

आता पुढची पायरी पाहा. ते चौघांचा केवळ सारांश देऊन थांबत नाहीत. प्रत्येक व्याख्येतील मध्यवर्ती मुद्दा वेगळा काढतात आणि त्याला एकच कसोटी लावतात : हे लक्षण जातीचे मूळ आहे की तिचा परिणाम? सेनार विटाळाच्या कल्पनेवर भर देतात. बाबासाहेब दाखवतात की विटाळ हा धार्मिक कर्मकांडाशी जोडलेला आहे, जातीच्या घडणीला तो अत्यावश्यक नाही. नेसफिल्ड परजातीशी रोटीव्यवहार नसण्याला महत्त्व देतात. बाबासाहेबांच्या मते येथे परिणामालाच कारण मानले गेले आहे, कारण स्वतःला कोंडून घेतलेला गट बाहेरच्यांशी जेवणार नाही हे ओघानेच येते. रिस्ले यांच्याकडे नवा मुद्दा फारसा नाही, म्हणून त्यांच्यावर एका वाक्याहून अधिक ते खर्च करीत नाहीत. केतकरांचे मात्र ते मनापासून श्रेय मान्य करतात. जातीचा विचार सुटा न करता जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला पाहिजे, ही केतकरांची दृष्टी त्यांना मोलाची वाटते. परंतु केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, गटाबाहेर विवाहबंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व, ही वस्तुतः एकाच गोष्टीची दोन अंगे आहेत, हेही ते दाखवून देतात. बाहेर लग्नच होत नसेल तर आत जन्मलेलेच सदस्य राहणार.

एवढी चाळणी झाल्यावर तळाशी एकच गोष्ट उरते : गटांतर्गत विवाह. आणि तेथूनच बाबासाहेबांचा स्वतःचा सिद्धान्त सुरू होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा विवाहबंदीशी असलेला संबंध ते उलगडतात. आढावा संपतो त्या ठिकाणी संशोधन सुरू होते, दोहोंत फट नाही.

या चार-पाच पानांतून चार नियम मिळतात. सर्वांना एकच प्रश्न विचारा. प्रत्येकाचे जे खरे आहे ते आधी मान्य करा. जो जितका महत्त्वाचा, त्याला तितकीच जागा द्या. आणि शेवटी काय उरले ते स्पष्ट सांगा.

प्रश्न आधी, पुस्तके नंतर

त्या मुलीचा विषय होता ‘कोकणातील बौद्ध स्त्रियांचे शिक्षण’. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. कोणते कोकण? कोणता काळ? शाळेत नाव घालणे, शाळेत टिकणे, की शिकून नोकरी मिळणे? दोन दुपारी बसून आम्ही तो असा आखला : ‘१९५६ च्या धर्मांतरानंतर १९८१ पर्यंत, आजच्या कणकवली तालुक्यातील बौद्ध मुली माध्यमिक शाळेपर्यंत कशा पोहोचल्या, आणि ज्या पोहोचू शकल्या नाहीत त्या कशामुळे?’ प्रश्न इतका लहान केल्यावर छत्तीसपैकी तेवीस पुस्तके आपोआप बाजूला झाली. ती रडवेली झाली. मी म्हटले, “वाचलेले वाया जात नाही. पण जे या प्रश्नाला उत्तर देत नाही, ते या प्रकरणात नको.”

शोधताना शब्द जपून

नवख्या संशोधकाला ‘यावर काहीच लिहिलेले नाही’ असे वाटते, तेव्हा बहुतेक वेळा त्याने चुकीच्या शब्दाने शोधलेले असते. आपल्या जिल्ह्याचेच पाहा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यापूर्वीचे ‘सिंधुदुर्ग’ या नावाने शोधाल तर किल्ला सापडेल, जिल्हा नाही. त्या काळासाठी रत्नागिरी शोधावे लागते. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळासाठी शिवाय सावंतवाडी संस्थान वेगळे शोधावे लागते, कारण आजच्या जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा संस्थानी अंमलाखाली होता. १८८० च्या मुंबई इलाखा गॅझेटियरचा दहावा खंड म्हणूनच ‘रत्नागिरी व सावंतवाडी’ असा जोडनावाचा आहे. आपल्या फोंड्याची इंग्रजी अक्षरे जुन्या कागदांत दोन-तीन प्रकारे लिहिलेली आढळतात, आणि गोव्यातील फोंडा वारंवार मध्ये येऊन घोटाळा करतो.

समाजाच्या नावांचेही तसेच. सरकारी कागदांत एके काळी ‘डिप्रेस्ड क्लासेस’, १९३५ च्या कायद्यापासून ‘शेड्यूल्ड कास्ट्स’, गांधीवादी लिखाणात ‘हरिजन’, चळवळीच्या पत्रांत ‘अस्पृश्य’ व ‘बहिष्कृत’, १९५६ नंतर ‘नवबौद्ध’ व ‘बौद्ध’, आणि पुढे ‘दलित’. काळ बदलला की शब्द बदलतो. शोधाला बसण्यापूर्वी अशा शब्दांची यादी वहीच्या पहिल्या पानावर करावी.

येथे एक सापळा आहे, त्यात अनुभवी माणसेही अडकतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींत बौद्धांचा समावेश नव्हता, तो १९९० साली झाला. त्यामुळे १९६१, १९७१ आणि १९८१ च्या जनगणनेत ज्यांनी धर्म ‘बौद्ध’ असा नोंदवला, ते अनुसूचित जातींच्या तक्त्यांत नाहीत. एखाद्या अभ्यासकाने १९६१ चे ‘अनुसूचित जातींच्या स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण’ घेऊन निष्कर्ष काढला असेल, तर त्या आकड्यांत आपल्या आजी-मावश्या बहुधा नाहीतच. आढावा घेणाऱ्याने निष्कर्षाबरोबर आकडा कोणाचा आहे, हेही तपासायचे असते. आधीच्या लिखाणातील अशी एक गफलत सापडली, तरी आढाव्याचे अर्धे काम झाले असे समजावे.

कोठे शोधावे

आपण फोंडाघाटात बसून हे करू शकतो का? बऱ्याच अंशी होय. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. अनेक प्रबंध प्रकरणनिहाय ठेवलेले असल्यामुळे केवळ आढाव्याचे प्रकरणही उतरवून घेता येते. मराठी प्रबंधही तेथे आहेत. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. १९१६ चा निबंध त्यांच्या पहिल्या खंडात आहे. दर्शनिका विभागाने जुने-नवे गॅझेटियर संगणकावर उपलब्ध केले आहेत. ‘गूगल स्कॉलर’वर एखाद्या ग्रंथाचे नाव घातले की त्यानंतर त्याचा हवाला कोणी कोणी दिला याची यादी मिळते.

जे पडद्यावर नाही त्यासाठी घाट चढावा. राधानगरीमार्गे कोल्हापूरला गेल्यास शिवाजी विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. कोल्हापुरात राज्य शासनाचे पुराभिलेखागारही आहे. मुंबईस जाणे झाले तर एशियाटिक सोसायटी व तेथील राज्य पुराभिलेखागार चुकवू नये.

शोधाची एक जुनी आणि खात्रीची रीत आहे. विषयावरचा एक चांगला, अलीकडचा ग्रंथ घ्यावा आणि प्रथम त्याची संदर्भसूची व तळटिपा वाचाव्यात. त्यातून दहा नावे मिळतात, त्या दहांतून आणखी काही. हळूहळू तीच ती नावे पुन्हा भेटू लागतात. तसे होऊ लागले की मुख्य लिखाण हाती आले असे समजून शोध थांबवावा. शोध कधीच न थांबवणे हाही लिहिण्याचे टाळण्याचा एक मार्ग असतो.

वाचावे कसे आणि टिपावे काय

प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे नसते. आधी प्रस्तावना, समारोप आणि अनुक्रमणिका पाहावी. प्रश्नाशी संबंध असेल तरच आत शिरावे. मग एका मोठ्या कागदावर तक्ता आखावा. प्रत्येक ग्रंथाला एक ओळ आणि पाच रकाने : यांचा प्रश्न कोणता? पुरावा कोणता? निष्कर्ष काय? कोणता काळ व प्रदेश पाहिला? माझ्या प्रश्नासाठी काय शिल्लक राहिले? पृष्ठक्रमांक तेव्हाच लिहावा. ‘नंतर लिहीन’ म्हटलेला पृष्ठक्रमांक पुन्हा कधी सापडत नाही, हे स्वानुभवाने सांगते.

येथेच साधन आणि पूर्वसंशोधन यांतला भेदही ध्यानात ठेवावा. रत्नागिरी जिल्ह्यातील उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन त्या मुलीच्या यादीत पूर्वसंशोधन म्हणून होते. आत्मकथन हा पुरावा आहे. त्याचा उपयोग पुढच्या प्रकरणांत होईल. आत्मकथनांवर कोणी केलेला अभ्यास हे पूर्वसंशोधन.

यादीतून संवादाकडे

तक्ता भरला की तो आडवा न वाचता उभा वाचावा, म्हणजे एकेका रकान्यात सर्वांची उत्तरे शेजारी शेजारी दिसतात. कोण कोणाशी सहमत, कोण कोणाला दुरुस्त करतो, हे तेव्हा उमगते. लिहिताना लेखकवार परिच्छेद न करता मुद्देवार करावेत.

त्या मुलीच्या आराखड्यात चार ग्रंथ चार ठिकाणी विखुरलेले होते. आम्ही ते एकत्र आणले, तेव्हा परिच्छेद साधारण असा झाला :

‘एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात आंबेडकरी चळवळीचा राजकीय व संघटनात्मक पट मांडला. त्या पटावर नेते दिसतात, स्त्रिया क्वचित. हे न्यून मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांनी १९८९ मध्ये “आम्हीही इतिहास घडवला” या ग्रंथाने भरून काढले. त्यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून त्यांच्या मुलाखती घेतल्या, म्हणजे केवळ निष्कर्षच नव्हे तर पुराव्याचे स्वरूपही बदलले. शर्मिला रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांकडे जात व लिंगभावाच्या ज्ञानाचे साधन म्हणून पाहिले. शैलजा पाईक यांनी २०१४ च्या ग्रंथात शिक्षण हाच मध्यवर्ती प्रश्न केला आणि दलित स्त्रियांना जात व स्त्रीत्व अशा दुहेरी भेदभावातून कसे जावे लागले ते दाखवले. तथापि त्यांचा भर पुणे-मुंबईसारख्या शहरांवर आहे. जेथे माध्यमिक शाळा वाडीपासून दूर आहे आणि घरचे कर्ते पुरुष मुंबईत आहेत, अशा डोंगराळ ग्रामीण भागातील मुलींचा अनुभव शहरी चित्रात बसतो का, हे तपासणे आवश्यक ठरते.’

चारच ग्रंथ, पण प्रत्येक जण आधीच्याला काही उत्तर देतो आहे, आणि शेवटच्या वाक्यात त्या मुलीची जागा आपोआप तयार झाली आहे. ते वाक्य लिहून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे बाई, माझ्या आईची गोष्ट इथे सुरू होते.” तिची आई सातवीनंतर शाळेत गेली नव्हती. शाळा नदीपलीकडे होती.

न्यून दाखवताना एक पथ्य पाळावे. ‘यावर आजवर कोणीही लिहिलेले नाही’ हे वाक्य शक्यतो लिहू नये. ते बहुधा खोटे असते, आणि खरे असले तरी पुरेसे नसते. कोणी लिहिले नाही एवढ्यावरून तो प्रश्न महत्त्वाचा ठरत नाही. तो का विचारावा, हे सांगावे लागते.

विरोधकांचे काय?

तिच्या यादीत एक गोष्ट मला खटकली होती. सर्व ग्रंथ आपल्या बाजूचे होते. विचारले तेव्हा म्हणाली, “ज्यांना बाबासाहेब पटत नाहीत, त्यांचं मी का वाचू?” हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. शतकानुशतके आपल्याविषयी दुसऱ्यांनी लिहिले आणि आपण ते वाचण्यासही मज्जाव होता. ती जखम खरी आहे. पण उत्तर बाबासाहेबांनीच देऊन ठेवले आहे.

‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेच्या उगमाविषयी स्वतःचे मत मांडण्यापूर्वी ते जुनी मते सविस्तर तपासतात. स्टॅन्ले राइस यांचा वंशभेदाचा व व्यवसायाचा सिद्धान्त ते आधी नीट मांडतात आणि मग खोडतात. वंशभेदाचे मत खोडताना त्यांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे वापरले, ते प्रा. गो. स. घुर्ये यांच्या ग्रंथातून घेतलेले. घुर्ये आपल्या मालवणचे. आकडे घुर्यांच्या ग्रंथातले, प्रश्न बाबासाहेबांचा, आणि ऋणनिर्देश स्पष्ट. जो विरोधी मत वाचत नाही, त्याच्या हाती असा पुरावा लागत नाही.

याहून मोठी गोष्ट १९१६ च्या निबंधाच्या शेवटी आहे. आपले निष्कर्ष अंतिम आहेत असा दावा तेथे ते करीत नाहीत. अशा विषयात भावनेला बाजूला ठेवले पाहिजे असे सांगून, आपले म्हणणे कोणी सप्रमाण खोडून काढले तरी आनंदच होईल, अशा आशयाचे विधान ते करतात. हे सांगणारा पंचवीस वर्षांचा तरुण होता आणि ज्या व्यवस्थेविषयी तो बोलत होता, तिचे चटके त्याने स्वतः सोसले होते. त्याला भावना बाजूला ठेवता आली, तर आपल्याला प्रयत्न तरी केला पाहिजे. बाबासाहेबांचे मतही आढाव्यात इतरांप्रमाणेच तपासून ठेवावे : त्यांचा पुरावा कोणता, त्यानंतर नवे काय उपलब्ध झाले, कोणी काय आक्षेप घेतले. हा अनादर नव्हे. त्यांनी केतकरांना जो मान दिला, तोच मान आपण त्यांना देतो.

प्रामाणिकपणाच्या काही गोष्टी

जे पुस्तक स्वतः पाहिले नाही, त्याचा हवाला स्वतः पाहिल्यासारखा देऊ नये. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतला असेल तर तसे लिहावे. दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हाविना वापरू नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील दहा टक्क्यांवरील साम्य दंडास पात्र ठरते. परंतु टक्क्यांच्या भीतीने नव्हे, दुसऱ्याचे श्रम आपल्या नावावर घालू नयेत म्हणून हे पाळावे. दुसऱ्याचे श्रम फुकट घेण्याची रीत काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

मोबाइलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज सुविचार फिरतात. त्यांखाली खंड नसतो, पृष्ठ नसते. मूळ स्थळ सापडेपर्यंत असे वाक्य आढाव्यातच काय, जयंतीच्या भाषणातही वापरू नये. अलीकडे प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणारी संगणकीय साधने आली आहेत. ती कधी कधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांची नावे लेखक-सालासह अगदी रुबाबात देतात. मिळालेले प्रत्येक नाव ग्रंथालयात किंवा शोधगंगेवर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय लिहू नये.

शेवटी

पालक बंधुभगिनींनो, मुलगा किंवा मुलगी महिनोन्महिने केवळ वाचत बसली आहे, काही ‘करीत’ नाही, असे वाटले तर घाई करू नका. ती विहिरीची जागा पाहत आहे. माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. ज्यांनी लघुप्रबंध किंवा प्रबंध लिहिले आहेत, त्यांनी एकेक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावी. ज्यांच्या घरी जुनी वर्तमानपत्रे, सभांची पत्रके, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांचे अहवाल पडून आहेत, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी एकदा कळवावे. उद्या कोणी आपल्या परिसरावर लिहू लागेल, तेव्हा त्याच्या आढाव्याची सुरुवात आपल्याच कपाटापासून व्हावी.

ती मुलगी आपला आराखडा पुन्हा सादर करणार आहे. आता त्यात तेराच ग्रंथ आहेत, आणि विरोधी मताचे दोन त्यांत आहेत. निर्णय काय लागेल तो लागो. परवा ती पुस्तके परत करायला आली होती. जाताना म्हणाली, “बाई, त्या शेऱ्याचा आता राग येत नाही. पण हे आम्हाला अकरावी-बारावीतच कोणीतरी शिकवायला हवं होतं.”

तिचे म्हणणे खरे आहे. या वर्षापासून दर शनिवारी दुपारी, नववी-दहावीच्या मुलांसाठी, एक तास मी विद्यालयाच्या ग्रंथालयात बसणार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनीही यावे.